तिसरा मासा

10 ऑक्टोबर 1963 हा दिवस ब्रिटनसाठी गर्दीचा होता. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी ऑगस्टमध्ये मॉस्कोत ज्यावर सह्या केल्या होत्या, तो अणुचाचण्यांवर मर्यादा घालणारा करार त्या दिवसापासून लागू झाला. पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन पद सोडणार असल्याचं त्याच दिवशी त्यांच्या पक्षाच्या अधिवेशनात वाचून दाखवण्यात आलं. त्यांनी आजारपणाचं कारण दिलं होतं. पण हेरगिरीच्या आणि भानगडींच्या प्रकरणांनी त्यांच्या सरकारची पत आधीच घालवली होती. आणि लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या ओडियन चित्रपटगृहात ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या दुसऱ्या बाँडपटाचा पहिला खेळ झाला.

क्यूबाच्या क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर जाऊन परतलं, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं. पाश्चात्त्य प्रेक्षकांच्या मनातली रशियाची भीती ताजी होती आणि या चित्रपटाच्या तर नावातच रशिया होता. ही भीती पडद्यावर ओतून पैसे वसूल करणं सोपं होतं. निर्मात्यांनी ते केलं नाही. या चित्रपटात रशिया खलनायक नाही, आणि साठ वर्षं उलटून गेल्यावरही तो बघताना खुर्चीत पुढे सरकून बसावंसं वाटतं याचं मोठं श्रेय मी त्या एका निर्णयाला देतो.

इयन फ्लेमिंगच्या 1957 सालच्या मूळ कादंबरीत शत्रू सरळसरळ सोव्हिएत आहे. स्मर्श ही तिथली गुप्त यंत्रणा ब्रिटिश गुप्तहेराला बदनाम करून मारण्याचा घाट घालते, तिचे अधिकारी बैठका घेतात, फायली फिरवतात. चित्रपट करताना ब्रॉकोली आणि सॉल्ट्झमन या निर्मात्यांनी कटाची मालकीच बदलली. कट आता स्पेक्टर नावाच्या खासगी टोळीचा झाला. सांकेतिक संदेश उलगडणारं सोव्हिएत यंत्र चोरायचं, ते ब्रिटिशांच्या हातून चोरवून घ्यायचं, नंतर ब्रिटिश हेराला मारायचं आणि यंत्र पुन्हा रशियालाच विकायचं, असा तो बेत. रोझा क्लेब ही सोव्हिएत यंत्रणेतली बडी अधिकारी गुपचूप स्पेक्टरला मिळाली आहे. तात्याना रोमानोव्हा या तरुण कारकून मुलीला मात्र ते ठाऊक नाही. ती समजते आहे की आपण देशाचं काम करतोय.

हा बदल मोठ्या तत्त्वासाठी केला असेल असं समजायचं कारण नाही. चित्रपट जगभर विकायचा होता, उद्या राजकारण बदललं तर परवा तो जुना दिसायला नको होता. धंद्याचं गणित होतं. पण धंद्याच्या गणितातून कधीकधी कलेचा फायदा होतो, तसा इथे झाला.

सुरुवातीच्या भागात एक प्रसंग आहे. स्पेक्टरचा प्रमुख, ज्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही, आपल्या बोटीवर काचेच्या टाकीत झुंजणारे मासे दाखवतो. दोन मासे एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत, तिसरा शांत आहे. जिंकणारा दमून जाईपर्यंत तिसरा थांबेल आणि मग त्याला गिळेल, हे त्याचं म्हणणं. साठ सेकंदांच्या आत शीतयुद्धाबद्दलची एक समजूत प्रेक्षकाच्या हाती येते: दोन सत्ता भांडताहेत, आणि त्या भांडणावर जगणारा कुणी तिसराच आहे. शस्त्रं विकणारे, गुपितं विकणारे, दोन्हीकडून कमिशन खाणारे लोक प्रत्येक युद्धाच्या आसपास असतात, हे ज्यानं थोडाफार इतिहास वाचलाय त्याला वेगळं सांगायला नको. एका देशाला राक्षस ठरवणाऱ्या कितीतरी ‘गंभीर’ चित्रपटांपेक्षा या करमणुकीच्या चित्रपटाला राजकारण जास्त कळतं, असं मला वाटतं ते यामुळे.

पुढची सगळी कथा त्या टाकीतल्या मांडणीवर चालते. इस्तंबूलमध्ये ब्रिटिशांचा माणूस केरीम बे आणि रशियनांसाठी काम करणारे बल्गेरियन हेर यांचं एकमेकांवर पाळत ठेवणं रोजच्या व्यवहारासारखं झालंय. विमानतळापासूनच बाँडच्या गाडीमागे दुसरी गाडी लागते आणि ड्रायव्हर निवांत सांगतो की ते आमच्या मागे असतात, आम्ही त्यांच्या मागे. शीतयुद्धाचं इतकं घरगुती चित्र क्वचितच दिसतं. हा समतोल बिघडवतो तो स्पेक्टरचा मारेकरी रेड ग्रँट. तो एका बाजूचा माणूस मारतो आणि आळ दुसऱ्या बाजूवर जाईल अशी व्यवस्था करतो. मग एकाच्या कचेरीत स्फोट, दुसऱ्याच्या माणसाचा रात्री काटा काढणं. पुढे आगगाडीत केरीम आणि त्याच्यावर पहारा ठेवणारा रशियन अधिकारी एकाच डब्यात मेलेले सापडतात, एकमेकांना मारल्यासारखे. दोन मासे मेलेत आणि तिसरा शांतपणे बाजूच्या डब्यात बसलाय.

प्रेक्षकाला हे सगळं आधीपासून ठाऊक असतं, बाँडला नसतं. आजच्या मारधाडपटांच्या शर्यतीत हरवलेली गोष्ट नेमकी ही आहे. चित्रपट सुरू झाल्यावर बराच वेळ खरा बाँड आपल्याला भेटतच नाही. पहिल्याच प्रसंगात जो बाँड मरतो तो मुखवटा घातलेला तोतया निघतो. ग्रँटचा सराव चाललेला असतो. मग व्हेनिसमधला बुद्धिबळाचा सामना येतो. तिथे क्रोनस्टीन हा कटाचा आखणीकार शांतपणे प्रतिस्पर्ध्याला हरवतो. (पटावरची स्थिती 1960 साली लेनिनग्राडमध्ये झालेल्या स्पास्की विरुद्ध ब्रॉन्स्टीन या खऱ्या डावावरून घेतलेली आहे. बुद्धिबळ जाणणाऱ्याला त्यातली दोन प्यादी गायब झालेली दिसतात आणि तो वैतागतो.) मग मासे, मग क्लेबची तात्यानाशी ती अंगावर काटा आणणारी भेट. सापळा पूर्ण लावून झाला की त्यात शिरणारा माणूस पडद्यावर येतो. कादंबरीतही पहिली दहा प्रकरणं बाँड नाही. नायकाला इतका उशिरा आणण्याचं धाडस आज कोणता निर्माता करेल? आपल्याकडे तर पहिल्या पाच मिनिटांत ‘एन्ट्री’ झाली नाही तर तारे करारावर सही करणार नाहीत.

ग्रँटच्या भूमिकेत रॉबर्ट शॉ आहे, आणि पूर्वार्धात त्याला जवळजवळ बोलूच दिलेलं नाही. तो फक्त असतो. बाजारात, मशिदीच्या खांबाआड, फलाटावर. जिप्सींच्या तळावर हल्ला होतो तेव्हा बाँडला पाठीमागून मारायला आलेल्या माणसाला लांबून गोळी घालून ग्रँटच पाडतो. सापळ्यातलं सावज वेळेआधी मरून चालणार नाही ना! बाँडला वाटतं, नशीब चांगलं. ज्याला आपण नायकाचं कौशल्य किंवा दैव समजतो ते खरं तर मारेकऱ्याचं उपकाराचं काम आहे, हा विनोद चित्रपट एकदाही मोठ्यानं सांगत नाही. दिग्दर्शक टेरेन्स यंगला प्रेक्षकाच्या डोक्यावर विश्वास होता.

आणि मग ओरिएंट एक्सप्रेस. झाग्रेबला बाँडला भेटायला आलेल्या ब्रिटिश हेराला ग्रँट संपवतो, त्याचे कपडे, त्याचं ओळखपत्र घेतो आणि साहेबी इंग्रजी बोलत गाडीत चढतो. जेवणाच्या डब्यात तो माशाबरोबर लाल वाइन मागवतो. माशाबरोबर पांढरी घ्यायची हा साहेबी रिवाज. बाँडच्या ते लक्षात येतं, पण त्याचा अर्थ त्याला फार उशिरा लागतो. ब्रिटिश वर्गव्यवस्थेचा सगळा तोरा या एका तपशिलात आहे: खोट्या साहेबाला त्याच्या ताटावरून ओळखायचं. हा तोरा मला आवडत नाही. पण कथेची कळ म्हणून तो बेमालूम बसलाय हे मान्य करावंच लागतं.

त्यानंतरची डब्यातली मारामारी चित्रपटप्रेमींमध्ये गाजलेली आहे आणि गाजायलाच हवी. दोन धिप्पाड माणसं आणि झोपायच्या डब्याची ती जागा, जिथे धड हात फिरवायला जागा नाही. दिवा फुटतो, निळसर अंधार होतो. जॉन बॅरीचं संगीत, जे बाकी चित्रपटभर भरपूर आहे, इथे पूर्ण थांबतं. उरतो तो रुळांचा खडखडाट, काच, लाकूड आणि दोघांचे श्वास. पीटर हंटनं संकलनात तुकडे इतके लहान कापलेत की ठोसा दिसण्याआधी जाणवतो, तरीही कोण कुठे आहे याचा गोंधळ एकदाही होत नाही. आता याची तुलना हेलिकॉप्टरमधून पडून, इमारतीवर आपटून, केस विस्कटू न देता उभं राहणाऱ्या आजच्या नायकांशी करून पाहा. तिथे सगळं मोठं असतं आणि काहीच दुखत नाही.

या मारामारीचा निकाल लागतो तो आधी पेरलेल्या एका वस्तूमुळे. लंडनहून निघताना बाँडला काळी ब्रीफकेस मिळते: पन्नास सोन्याची नाणी, लपवलेला सुरा, सुटे भाग जोडून होणारी बंदूक आणि चुकीच्या पद्धतीनं उघडली तर अश्रुधूर सोडणारा पावडरचा डबा. बाँडला असली उपकरणं पुरवणारा ‘क्यू’ पुढे वर्षानुवर्षं रंगवणाऱ्या डेस्मंड लेवेलिनचा या मालिकेतला हा पहिलाच प्रसंग. तो ही पेटी कशी उघडायची ते दुकानदारानं मिक्सर समजावून सांगावा इतक्या रुक्षपणे सांगतो. तासाभरानं मरणाच्या दारात गुडघ्यांवर बसलेला बाँड ग्रँटला सोन्याच्या नाण्यांचं आमिष दाखवतो, आणि ग्रँट देशासाठी लढत नसून पैशासाठी लढतोय म्हणूनच ते आमिष चालतं. इथे माझा मुद्दा पुन्हा येतो. ग्रँटच्या जागी रशियाचा कट्टर देशभक्त असता तर त्यानं नाण्यांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं आणि बाँड मेला असता. शत्रू भाडोत्री आहे म्हणून कथेला हा शेवट मिळतो.

भूमिकांच्या निवडीबद्दल थोडं अवांतर. क्लेब झालेली लोट्टे लेन्या ही 1928 साली बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’त जेनी झालेली गायिका. पु. ल. देशपांड्यांनी ज्याचा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला तेच हे नाटक. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडावी लागलेल्या या बाईनं हुकूमशाही यंत्रणेतली अधिकारी इतकी थंड, इतकी कचेरीतली रंगवली आहे की तिच्या बुटातल्या विषारी पात्यापेक्षा तिच्या चष्म्याची भीती वाटते. आणि केरीम बे झालेला मेक्सिकन नट पेद्रो आर्मेंदारिझ चित्रीकरणाच्या वेळी कर्करोगानं शेवटच्या टप्प्यात होता. त्याची दृश्यं आधी उरकता यावीत म्हणून वेळापत्रक बदललं गेलं. चित्रपट लागण्याआधी, जूनमध्येच तो गेला. पडद्यावर मात्र तो सगळ्यांत जास्त जगणारा माणूस दिसतो. कचेरीतला जवळजवळ प्रत्येक नोकर त्याचा मुलगा, प्रत्येक संकटावर त्याच्याकडे हसू.

आता या चित्रपटाच्या विरोधात जे बोललं जातं त्याकडे वळू, कारण त्यातलं बरंचसं खरं आहे. जिप्सींच्या तळावर दोन तरुणींना एका पुरुषासाठी झोंबायला लावणं आणि मग निवाडा पाहुण्या साहेबावर सोडणं हे तेव्हाही ओंगळ होतं. केरीमच्या मृत्यूनंतर बाँड तात्यानाला थोबाडीत मारतो आणि चित्रपटाला त्यात वावगं काही वाटत नाही. ज्या रात्री सगळ्याचा फैसला होतो त्या रात्री तात्याना वाइनमधल्या गुंगीच्या औषधानं झोपलेली असते. तिला शेवटी एक गोळी झाडायला मिळते, तेवढीच भरपाई. दानिएला बियांकीचा आवाजही तिचा नाही, तो दुसऱ्या अभिनेत्रीचा आहे. इस्तंबूल म्हणजे बाजार, भुयार आणि पोटनृत्य. यातलं काहीही ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून माफ करण्याची मला गरज वाटत नाही. चित्रपट आवडण्यासाठी त्यातलं सगळं आवडावं लागत नाही.

यापेक्षा वजनदार आक्षेप दुसरा आहे. ब्रिटिश गुप्तचर खात्याची त्या वर्षी जी अब्रू गेली होती ती पाहता हा चित्रपट निव्वळ थाप होता. या खात्याचाच अधिकारी जॉर्ज ब्लेक रशियाचा हेर निघाला आणि 1961 साली त्याला 42 वर्षांची शिक्षा झाली. जानेवारी 1963 मध्ये खात्याचा माजी अधिकारी किम फिल्बी बैरूतहून नाहीसा झाला आणि जुलैत मॉस्कोनं त्याला आश्रय दिल्याचं जाहीर केलं. ज्या खात्याचे आपलेच अधिकारी वर्षानुवर्षं शत्रूला माहिती पुरवत होते, त्या खात्याचा पडद्यावरचा माणूस रशियनांचं यंत्र बगलेत मारून सहीसलामत परत येतो! चित्रपटाच्या महिनाभर आधी जॉन ल कारेची ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ ही कादंबरी आली होती. तिच्यातले थकलेले, आपल्याच लोकांनी वापरून फेकलेले हेर खऱ्याच्या कितीतरी जवळ होते.

हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मनोरंजनाने जखमेवर फुंकर घातली हे खरं, आणि अशा फुंकरीची किंमत पुढे मोजावी लागते हेही खरं. बाँडच्या साहेबाला, त्या ‘एम’ला, जगभरची पोरंसोरं ओळखत होती, पण परदेशात हेरगिरी करणारं असं खातं आपल्याकडे आहे हे ब्रिटिश सरकारनं उघडपणे मान्य केलं ते 1992 साली, आणि त्याला कायद्याची चौकट मिळाली 1994 मध्ये. पडद्यावरची मोहिनी इतकी की खऱ्या खात्याला जाब विचारावा हे लोकांना तीस वर्षं सुचू नये. आपली स्थिती वेगळी नाही. ‘रॉ’ 1968 साली स्थापन झाली, आज तिच्यावर चित्रपटांची रांग लागली आहे, पण तिची स्थापना संसदेच्या कोणत्याही कायद्यानं झालेली नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यातूनही ती जवळजवळ पूर्ण वगळलेली आहे. 2011 साली मनीष तिवारी यांनी गुप्तचर संस्थांना संसदेच्या देखरेखीखाली आणणारं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. त्या विधेयकावर किती प्रेक्षकांनी चर्चा केली असेल?

पण उरलेला अर्धा आक्षेप मला पटत नाही. ल कारे वाचताना जे मिळतं ते बाँडकडे मागणं म्हणजे लावणीच्या फडात कीर्तन मागणं. खेळ म्हणून मांडलेल्या गोष्टीनं खेळाचे नियम पाळावेत, एवढीच अपेक्षा. आणि खेळाचा पहिला नियम हा की समोरचा भिडू तोलामोलाचा हवा. द्वेष आला की तोल जातो. ज्याचा आपण द्वेष करतो तो पडद्यावर मूर्ख, लंपट किंवा नुसताच क्रूर होतो; त्याच्या हुशारीला दाद देणं जणू फितुरी ठरतं. मग उत्कंठा कशाची राहणार? तो हरणार हे पहिल्या चौकटीत ठरलेलं असतं.

हिंदी हेरपटाचा पूर्वज बाँडच आहे. 1967 च्या ‘फर्ज’मधला जितेंद्रचा एजंट 116 त्याच साच्यातून निघाला. अलीकडच्या यशस्वी हेरपटांकडे पाहिलं तर एक गंमत दिसते. ‘एक था टायगर’मध्ये (2012) भारतीय हेर पाकिस्तानी हेर तरुणीच्या प्रेमात पडतो. ‘पठाण’मध्ये (2023) खलनायक भाडोत्री टोळी चालवणारा माजी भारतीय हेर आहे आणि पाकिस्तानी यंत्रणेतली बाई शेवटी नायकाच्या बाजूला येते. तिसऱ्या माशाची युक्ती आपल्याकडेही चालली, बक्कळ चालली. तरीही हल्ली एक सूर जोर धरतोय: हेरपटानं शत्रूचं नाव घेऊन त्याला धडा शिकवलाच पाहिजे, नाहीतर तो देशभक्त नाही. चित्रपट न आवडणाऱ्याला तर लगेच त्याच्या निष्ठेचा दाखला मागितला जातो.

शेजाऱ्याचं नाव घेणारे चित्रपटही तुफान चालतात, हे कुणी मला सांगेल. चालतात, मान्य. दहशतवादाच्या खऱ्या जखमा असलेल्या देशात ते चालणारच, आणि ते काढण्याचा हक्कही निर्मात्यांना आहे. माझं भांडण ते एकमेव योग्य हेरपट आहेत या दाव्याशी आहे. पहिल्या तीन आठवड्यांचा गल्ला ही एक परीक्षा आणि नातवंडांबरोबर बसून पाहता येणं ही दुसरी. तात्कालिक संतापावर उभा राहिलेला चित्रपट त्या संतापाबरोबर विझतो. नंतरच्या पिढीला त्यात पात्रं दिसत नाहीत, घोषणा दिसतात. शीतयुद्धात रशियनांना कापून काढणारे कितीतरी चित्रपट अमेरिकेत निघाले, ते आज अभ्यासक पाहतात, तेही नोंदी करायला.

आपल्या लेखकांनी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’कडून घ्यायचंच असेल तर गाड्या, बंदुका आणि सूट सोडून द्यावेत, ते सगळं केव्हाच घेऊन झालंय. घ्यावा तो क्रोनस्टीन. पूर्ण कट शांत डोक्यानं आखणारा, नायकापेक्षा हुशार असू शकणारा, देशाच्या झेंड्याऐवजी स्वतःच्या बुद्धीच्या गर्वासाठी खेळणारा माणूस. असं पात्र लिहायला अंदाजपत्रक लागत नाही, पटकथेवर आणखी सहा महिने लागतात. मुंबईत ते सहा महिने कुणी देत नाही, ही खरी अडचण आहे. देशभक्तीचा वाद त्या अडचणीवर घातलेलं पांघरूण आहे.